थांबली का मी रडाची?

मोठीमाय गेल्याचं मला एका फ्लेक्सवरून कळलं. मी बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. दुपारची जेवणं उरकेपर्यंत माझा फोन फडताळावर, पिठाच्या डब्यामागे चार्जिंगला लावलेला असतो. त्या दिवशी ओटा पुसून फोन उघडला, तर गावाकडच्या एका पोराच्या स्टेटसवर मोठीमायचा चेहरा. तोच, सिनेमातला. तोंड वासलेलं, डोळे गच्च मिटलेले, गालावरून पाणी चाललेलं. मला वाटलं, त्या सिनेमाला आणखी एक बक्षीस मिळालं असेल. मनातल्या मनात दिग्दर्शकाला एक शिवी घातली आणि पुढे सरकवलं. मग काय वाटलं कोण जाणे, परत मागे आले. चेहऱ्याखाली काळ्या अक्षरात लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली…

दीपकदादाचे फोन येऊन गेलेले होते. दादा म्हणजे मोठीमायचा मुलगा, अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो, ऑटो चालवतो. त्याला फोन लावला. माणसानं अशा वेळी विचारावं, कसं झालं, काय झालं. माझ्या तोंडून निघालं, “दादा, तो फोटो कोणी लावला?” तो रडत होता, तरी त्याला कळलं मी कोणत्या फोटोचं म्हणते. म्हणाला, “मी दवाखान्यात होतो वं. पोट्ट्यांनी परस्पर छापून आणला. फ्लेक्सवाला म्हणे, मोबाइलवर तुमच्या मायचं नाव टाकलं तं हाच फोटो निघते. मोठा केला तरी फाटत नाही म्हणे, लय साफ हाय.” पुढे म्हणाला, “चौकात एक बुढा उभा होता. म्हणे, बाप्पा! बाई मेली तं मेली, वरून सोताच सोतासाठी रडून राहिली.”

दादानं तो फ्लेक्स त्याच दिवशी उतरवला. फेकता येईना, कारण आईचं तोंड कचऱ्यात कसं टाकणार, आणि ठेवताही येईना. शेवटी उलटा केला, पांढरी बाजू वर, आणि अंगणातल्या ऑटोवर झाकायला घेतला. आता तो चेहरा रोज ऑटोच्या टपाला तोंड लावून पडलेला असतो. कोणाला दिसत नाही. एवढंच काय ते दादाला जमलं. उरलेलं मला करायचं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी नववी नापास आहे. त्यानंतर दुकानाची यादी आणि मुलींच्या डब्यांवरची नावं याखेरीज फारसं काही लिहिलेलं नाही. पेपरच्या या पुरवणीच्या संपादकबाईंना फोन करायच्या आधी काय बोलायचं ते यादीच्या कागदावर लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, जसं बोलता तसं लिहा, आम्ही सुधारून घेऊ. त्यांचे उपकार आहेत. भीती मात्र गेलेली नाही. ज्याच्याविरुद्ध लिहिते आहे तो मोठा माणूस आहे, त्याचे मोठे मित्र आहेत, आणि दादाला तर रोज रस्त्यावर ऑटो काढायचा आहे. श्रद्धांजलीच्या लेखात कोणाचा राग काढू नये म्हणतात. पण मला रागच काढायचा आहे. मला बदला घ्यायचा आहे. मोठीमाय असती तर म्हणाली असती, “मंग काय हार घालतं का त्याले?”

तिचं नाव वच्छला. माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, म्हणून मोठीमाय. आमचं गाव मूर्तिजापूरपासून आत, फाट्यावरून चालत जावं लागतं असं. मोठेबाबा लवकर वारले, तिनं मजुरी करून दादाला वाढवलं. हे एवढं ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच एक बाई उभी राहते. वाळलेली, सोसणारी, डोळ्याला पदर लावलेली. दिग्दर्शकाच्याही डोळ्यांसमोर तीच उभी राहिली असणार. पण आमची मोठीमाय गावातली सगळ्यात आचरट बाई होती. ती नकला करायची. ग्रामसेवक उन्हातून सायकल ढकलत कसा येतो, मास्तरीणबाई नाक पुसून पुस्तक कसं उघडतात, माझे वडील रागावले की आधी टोपी कशी शोधतात. निंदायला गेलेल्या बायका तिच्या ओळीत काम करायला भांडायच्या. काही गमतीचं बोलायचं असलं की आधी ती उपड्या हातानं नाक दाबायची, कारण तळवा नेहमी पिठाचा नाहीतर मातीचा असायचा. नाक दाबलं की आम्ही ओळखायचो, आता येते. मग बोलून झालं की सगळ्यांत जास्त तीच हसायची, मांडीवर थापा मारत, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिचं खरं रडणं आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच.

माझी शाळा सुटली तेव्हा घरात स्थळं पाहायची भाषा सुरू झाली. मोठीमाय ओसरीवर येऊन बसली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, “भाऊ, पोट्टी गणितात नापास झाली, जीवनात नाही. लगन काय पुरवणी परीक्षा हाय का, की लगेच बसवली?” वडील टोपी शोधायला लागले. ती मला हाताला धरून आपल्या चुलीपाशी घेऊन गेली. ज्वारीचं पीठ किती ऊन पाण्यात मळायचं, भाकरी हातावर कशी फिरवायची, पापुद्रा कसा सुटतो, हे तिनं शिकवलं. त्यावर मी आज जगते आहे. बेंगळुरूत माझ्या भाकरीला मुली रांग लावतात. तिचे उपकार म्हणतात ते हे, आणि ते शब्दात मावत नाहीत, म्हणून मी इथेच थांबते.

त्याच वर्षी आमच्या गावात सिनेमावाले आले. हिरो-हिरॉइनचा नव्हे, दुसऱ्या तऱ्हेचा सिनेमा. छोटी माणसं, छोटा खर्च, मोठ्या कंपनीचा पैसा नाही, म्हणून त्याला स्वतंत्र सिनेमा म्हणतात, हे मला पुढे कळलं. दिग्दर्शकाला खरं गाव हवं होतं, खरं घर हवं होतं आणि खरी बाई हवी होती. मोठीमायचं घर त्यांना आवडलं. मग मोठीमायही आवडली. ठरला तसा मोबदला त्यांनी दिला, त्याची तक्रार नाही. माणूस गोड होता. जमिनीवर बसायचा, आमच्या ताटात जेवायचा, तिला मावशी म्हणायचा. तिलाही तो आवडला होता, हे मला लपवायचं नाही. त्याच्या मोठ्या दाढीची तिनं पहिल्याच दिवशी नक्कल केली आणि तोही हसला होता.

त्या सिनेमात तिच्या मुलाच्या मरणाची बातमी येते असा प्रसंग होता. तो काही केल्या तिला जमेना. रडा म्हटलं की तिला हसू यायचं. डोळ्यांत औषध घालून पाहिलं, तर म्हणाली, “सायेब, आता मले तुमी दोन-दोन दिसून राहिले, एकट्यानंच नाकीनऊ आले होते.” सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, “मावशी, खोटं रडणं कॅमेऱ्याला कळतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांगितलं, आज रडायचं नाही, आज फक्त भाकरीचं शूटिंग आहे. तिला हलकं वाटलं. आम्ही दोघींनी भाकरी थापल्या, कॅमेरा अंगणात होता. ती भाकरीचं टोपलं घेऊन दारातून बाहेर आली. कॅमेऱ्यामागे दिग्दर्शक उभा होता. त्याला पाहून तिनं उपड्या हातानं नाक दाबलं. नाकाला पीठ लागलं. “सायेब, तुमी…” एवढंच म्हणाली आणि फटफटी आली. युनिटमधला एक माणूस उतरून ओरडला, “मावशी, चला! दीपकचा ऑटो ट्रकखाली गेला!”

मी दारात होते. मलाही खरंच वाटलं. दादा अकोल्याला ऑटोच चालवत होता, नावही बरोबर होतं, ऑटोही बरोबर होता. मोठीमायच्या हातातून टोपलं सुटलं. ती अनवाणी फाट्याकडे पळत सुटली. शेजारून जीप चालली होती, जीपमध्ये कॅमेरा होता. मी मागून पळत होते, मला जीप दिसत होती, पण जीप का थांबत नाही, तिला आत का घेत नाही, हे कळत नव्हतं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तिचा पाय अडकला, ती पडली, उठली, पुन्हा पडली. मग तिनं तोंड उघडलं. तो आवाज मी लिहू शकत नाही. तुम्ही तो ऐकला असेल, तो जगभर ऐकून झाला आहे.

मग कोणीतरी म्हणालं, कट. आणि टाळ्या वाजल्या.

दिग्दर्शक पळत आला, त्याचे स्वतःचे डोळे भरले होते. तिला कवटाळून म्हणाला, “मावशी, कमाल केली तुम्ही, कमाल!” ती विचारत होती, “दीपक? दीपक?” तो म्हणाला, “दीपक मजेत आहे मावशी. काही झालेलं नाही. सीन होता.” तिला पटेना. फोन लावून द्यावा लागला. दादा पलीकडून वैतागला, “काय वं माय, सवारी हाय ना गाडीत!” तिनं फोन परत केला. पायात काटा रुतला होता, तो बसून काढला.  घराकडे चालताना मला म्हणाली, “भाकरी कोंबड्यायनं खाल्ल्या असतीन.”

त्या दिवशी संध्याकाळी युनिटचं शेवटचं जेवण आमच्याकडे होतं, आधीच ठरलेलं. मला वाटलं ती चूल पेटवणारच नाही. तिनं पेटवली. बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. त्यात तिनं किती तिखट घातलं ते मी पाहत होते. पंगत बसली. पहिला घास कसाबसा गेला. दुसऱ्या घासाला दिग्दर्शकाच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, दाढी भिजली, त्याला बोलता येईना, पाणी मागायला हात हलवत होता. मोठीमाय वाढायचं पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि अगदी मायेनं म्हणाली, “आता कसं खरं आलं! लावा ना सायेब कॅमेरा. त्याले कयते म्हणे खोटं.” मग सगळ्यांना दही वाढलं. दही तिनं दुपारीच लावून ठेवलेलं होतं, हे विसरू नका. रागातही तिनं कोणाला उपाशी उठवलं नाही. मी तेव्हा पोट धरून हसले होते. आज मला वाटतं, दही द्यायला नको होतं.

पुढे तो सिनेमा परदेशी गेला, बक्षिसं मिळवत सुटला. आम्हाला पेपरातनं कळायचं. सगळीकडे तोच फोटो. ‘काळजाला हात घालणारं रुदन’ असं एकानं लिहिलं होतं. काळजाला हात कसा घातला ते कोणी लिहिलं नाही. गावात सिनेमा कोणी पाहिला नव्हता, अकोल्याच्या थेटरात तो लागलाच नाही, पण फोटो सगळ्यांनी पाहिला होता. बाजारात बायका तिला बघून कुजबुजायच्या. एकीनं विचारलंही, “खरंच पोरगं गेलं होतं का वं तुयं?” दादाला समोर उभं करून ती म्हणाली, “हा काय भूत हाय मंग? हात लावून पाय.”

त्यानंतर ती गावात फार राहिली नाही. अमरावतीला, क्लासेसच्या भागात, परगावच्या मुलांमुलींना जेवण लागतं. तिथे एका ओळखीच्या बाईची खानावळ होती, ती आम्ही दोघी चालवायला लागलो. तिथे ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकात डोकं घालून जेवायची, तर ती ताटाजवळ बसून गणिताच्या सरांची नक्कल करायची. सरांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं, मुलांच्या बोलण्यावरून बांधला होता माणूस. मुलं म्हणायची, मोठीमाय, हुबेहूब! त्याच खानावळीत पल्लवीताई जेवायला होती. तिला पुढे बेंगळुरूला नोकरी लागली आणि तिनंच मला इकडे आणलं. पण त्याआधी एक गोष्ट अमरावतीत घडली.

दिग्दर्शकाचा सत्कार ठरला. वऱ्हाडच्या मातीचा सिनेमा वऱ्हाडच्या माणसांना दाखवायचा, आणि मावशीला व्यासपीठावर बसवायचं. आयोजक खानावळीत गाडी घेऊन आले. मला वाटलं ती जाणार नाही. ती चांगली इस्त्रीची साडी नेसली आणि म्हणाली, “चाल, पाहून येऊ मी कशी दिसतो.” सभागृह भरलेलं, पुढची रांग शहरातल्या मोठ्या लोकांची. व्यासपीठावर तिला शाल दिली, फूल दिलं, मग पहिल्या रांगेत आम्हा दोघींना बसवलं. अंधार झाला आणि सिनेमा सुरू झाला. ती पहिल्यांदा स्वतःला पाहत होती.  मग ती सकाळ आली. पडद्यावर दार उघडलं, टोपलं घेऊन मोठीमाय बाहेर आली, उपड्या हातानं नाक दाबलं, नाकाला पीठ लागलं. “सायेब, तुमी…” आणि इथे माझ्या शेजारून, पहिल्या रांगेतून, खणखणीत आवाज आला, “…दाढी काढून टाका, नाही तं भाकरीत केस निघीन अन् नाव माझं होईन!”

सभागृह फुटलं. मागची कॉलेजची पोरं तर बाकं वाजवायला लागली. पडद्यावर फटफटी आली, ती पळायला लागली, आणि खाली तिचं चालूच. “पय वं वच्छे, पय! पोरगं तुयं तिकडे पान खाऊन राहिलं!” पडद्यावरची मोठीमाय धुऱ्यावर पडली तेव्हा खुर्चीतली म्हणाली, “अवं, जीपमंदी बस म्हणा ना कोणी तिले! रिकामीच तं चालली!” लोक हसत होते. पण हे वाक्य ऐकून हसू हळूहळू ओसरलं… काही जणांना कळायला लागलं होतं. जगभरच्या लोकांना ज्या ठिकाणी हुंदका फुटला, तिथे अमरावतीचं सभागृह आधी हसलं आणि मग खजील झालं. मी दिग्दर्शकाकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड दिसत होतं. ते मी अजून जपून ठेवलं आहे. बरं नसलं की आठवते.

दिवे लागल्यावर आयोजकांनी घाईघाईनं माईक घेतला, “मावशी भावुक झाल्या आहेत.” तिनं त्यांच्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाली, “भावुक नाही झाली. मले फसवलं. पोरगं मेलं म्हणून सांगतलं अन् जीपीतून पायत राहिले. या शालीचं काय करू? हे मी थंडीत पांघरीन, पण माफी नाही देत.”  दिग्दर्शक खालमानेनं बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत काय छापून आलं असेल? ‘आठवणींनी वच्छलाबाईंना अश्रू अनावर.’ खानावळीत पल्लवीताईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा मोठीमाय भाजी चिरत होती. म्हणाली, “आता कांदा चिरला तरी म्हणतीन, वच्छलाबाई हेलावल्या.”

बेंगळुरूला आल्यावर मला वाटलं, संपलं. इथे वसतिगृहाच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, मुली त्यावर मोबाइलचं ॲप लावून सिनेमे पाहतात. एके दिवशी एक मुलगी स्वयंपाकघरात आली, “ताई, या बघा, ही बाई तुमच्यासारखं बोलते.” हॉलमध्ये गेले. टीव्हीवर छोट्या छोट्या चित्रांची रांग होती, वर नाव होतं, पुरस्कारप्राप्त स्वतंत्र चित्रपटांचा संग्रह. रांगेत मोठीमायचं रडकं तोंड. एका बाजूला बर्फात उभा एक म्हातारा, दुसऱ्या बाजूला खिडकीतून बाहेर बघणारी कोणी मुलगी, आणि मध्ये ती. त्या संग्रहातले पुष्कळ सिनेमे मी पुढे पाहिले. चांगले आहेत. काही फारच चांगले आहेत. भाषा कळत नाही तरी माणूस कळतो. पण मला आता ते सुखानं पाहता येत नाहीत. पडद्यावर कोणी खरंखुरं रडलं की मुली नाक ओढतात आणि माझ्या मनात येतं, हिला काय सांगितलं असेल? हिच्या कोणाचं नाव घेतलं असेल?

मी मोठीमायला फोन करून सांगितलं. तोवर ती थकली होती, जुन्या शहरात दादाकडे राहायला गेली होती. म्हणाली, “कोणत्या कपाटात ठेवलं म्हणते मले?”

“कपाट नाही मोठीमाय. रांग असते, सिनेमांची. कोणी पण कधी पण पाहू शकते.”

“म्हणजे मी अजून रडूनच राहिली तिथं?”

“हो.”

“रांगेत उभी राहून?”

“हो मोठीमाय.”

“बाप्पा! पाय दुखले असतीन माये.”

तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. फोन केला की आधी इकडची थंडी, मग मुलींची भांडणं, मग ती विचारायची, “काय वं, थांबली का मी रडाची?” आणि मी म्हणायची, नाही, आजही चालूच आहे. ती म्हणायची, “डोये सुजले असतीन बाईचे.” ती गमतीनं विचारायची आणि मीही हसून सांगायची. पण शेवटच्या शेवटच्या एका फोनवर तिनं नाक दाबलं नसावं. आवाज साधा होता. म्हणाली, “पोरी, मले सपनात तेच दिसते. दीपक समोर जेवून राहिला, तरी मी पयतच हावो. ते थांबवता नाही येत का वं?” मला कळलं नाही ती सिनेमाचं विचारते की स्वप्नाचं. मी आपलं सिनेमाचं सांगितलं, “येतं ना. बटण असतं. दाबलं की थांबतं.”

“मंग दाब ना,” ती म्हणाली.

एवढंच. त्यानंतर ती दादाच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलायला लागली.

ती गेल्यावर दिग्दर्शकानं तिच्याबद्दल लिहिलं. तोच फोटो वर लावून. ‘मावशी रडायची तेव्हा काळी माती रडायची’, असं त्यात आहे. साहेब, मोठीमायला काळ्या मातीचा फार राग होता, पावसाळ्यात ती चपला ओढून घेते म्हणून. आणि ती ‘रडायची’ नाही. ती एकदा रडली. तुम्ही तिचं पोरगं मारलं तेव्हा. त्या लेखाखाली हजारो लोकांनी हात जोडले आहेत. तुमचं नाव मी इथे लिहिणार नाही. सगळ्या पोस्टरांवर तुमचं नाव मोठं आणि तिचं शेवटच्या पाटीवर भराभर वर जाणारं. या लेखात उलटं राहू द्या. कोर्टकचेरीची आणि तुमच्या वकिलाच्या फोनची मला भीती वाटते, हेही खरं. पण धुऱ्यावर मी मागून पळत होते. मी पाहिलं आहे.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मला जाता आलं नाही. दादानं व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत उभा केला. मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, बुद्धवंदना सुरू झालेली. टेबलावर फोटो होता तो पल्लवीताईनं पाठवलेला, खानावळीतला. मोठीमाय गणिताच्या सरांची नक्कल करताना. फोटो हललेला आहे, कारण ती कधी स्थिर बसलीच नाही. फ्लेक्सवाला म्हणाला होता, हा मोठा होणार नाही, फाटून जाईल. दादा म्हणाला, नको होऊ दे मोठा. त्यात नाक नीट दिसत नाही, डोळे दिसत नाहीत, फक्त हसणं दिसतं, पसरलेलं.

आता माझं काम. पल्लवीताई सांगते की या ॲपला सगळं कळतं, कोण काय पाहतो, कुठे कंटाळतो, कुठे बंद करतो. त्यावरून म्हणे कोणतं चित्र रांगेत पुढे ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते ठरतं. खरं असेल तर बरंच आहे. खरं नसलं तरी माझं मागणं तेच आहे. सिनेमाचं नाव सांगत नाही, गरज नाही. त्या संग्रहात आमच्याकडची बाई एकच आहे. तो सिनेमा लावा. अमरावतीत, अकोल्यात, मूर्तिजापुरात, जिथे असाल तिथे लावा. सुरुवातीपासून पाहा, आमचं गाव बघा, घर बघा. मग एक सकाळ येते. दार उघडतं. मोठीमाय भाकरीचं टोपलं घेऊन बाहेर येते, समोर कोणाकडे तरी पाहते आणि उपड्या हातानं नाक दाबते. नाकाला पीठ लागतं. ती म्हणते, “सायेब, तुमी…”

तिथे बटण दाबा. फटफटी येऊ देऊ नका. तिचं उरलेलं वाक्य आता तुम्हाला ठाऊक आहे. ते तुम्हीच मोठ्यानं म्हणा, आणि तिला हसू द्या.

मी रोज भांडी घासून झाल्यावर तेच करते. हॉलमध्ये कोणी नसतं. टोपल्यातल्या भाकऱ्या गरम आहेत, वाफ दिसते. त्यातल्या वरच्या दोन माझ्या हातच्या आहेत, जरा वाकड्या. दादाला काही झालेलं नाही. मोठीमाय दारात उभी आहे, नाकाला पीठ लावून, आणि मी तिला सांगते, थांबली वं, मोठीमाय.